औषधाला न जुमानणारा सोनेरी जंतू

द्राक्षाचा घड कसा दिसतो हे नाशिककरांना सांगावे लागत नाही. मात्र या घडावरून एका रोगजंतूचे बारसे झाले आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. स्कॉटलंडमधील शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यात वाटोळ्या जीवाणूंचे पुंजके आढळले. ते द्राक्षांच्या घडासारखे दिसत होते. घडासाठी ग्रीक भाषेत 'स्टॅफिली' हा शब्द आहे. त्यावरून ऑगस्टन यांनी १८८२ मध्ये या जीवाणूला 'स्टॅफिलोकॉकस' असे नाव दिले. दोनच वर्षांनी रोझेनबाख या जर्मन शास्त्रज्ञाने त्याच्या पिवळसर सोनेरी वसाहतींवरून त्याला 'ऑरियस', म्हणजे सोनेरी, हे उपपद जोडले.

हा सोनेरी जंतू आपल्या चांगल्या परिचयाचा आहे, फक्त तो या नावाने आपल्याला माहीत नसतो. पापणीवरची रांजणवाडी, मानेवरचे केसतूड, नखाच्या कडेला होणारे नखुरडे, लहान मुलांच्या अंगावरचे पिकणारे फोड, यांमागे बहुतेक वेळा तोच असतो. एरवी तो आपल्या नाकपुड्यांत आणि त्वचेवर काही त्रास न देता राहतो. निरोगी माणसांपैकी साधारण तिघांत एकाच्या नाकात तो सापडतो. त्वचेला छेद गेला की मात्र त्याला आत वाट मिळते. शस्त्रक्रियेची जखम, मधुमेही रुग्णाच्या पायावरचा व्रण, डायलिसिससाठी बसवलेली नळी, गुडघ्याच्या जागी बसवलेला कृत्रिम सांधा, अशा ठिकाणांहून तो हाडांत, रक्तात आणि हृदयाच्या झडपांपर्यंत पोहोचू शकतो. अशा वेळी रुग्णाचे प्राण प्रतिजैविकांवर, म्हणजे अँटिबायोटिक्सवर, अवलंबून असतात आणि नेमकी तीच आता निरुपयोगी ठरू लागली आहेत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रतिजैविक-प्रतिकार सर्वेक्षण जाळ्याने देशातील मोठ्या रुग्णालयांतून जमवलेली आकडेवारी याबाबत बोलकी आहे. रुग्णांच्या नमुन्यांत सापडलेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसपैकी मेथिसिलीन गटाला दाद न देणाऱ्या जंतूंचे प्रमाण २०१६ मध्ये २८.४ टक्के होते. २०२१ मध्ये ते ४२.६ टक्क्यांवर गेले. या जंतूलाच वैद्यकीय परिभाषेत 'एमआरएसए' म्हणतात. हे आकडे मोठ्या रुग्णालयांतील, अनेकदा आधीच औषधे घेऊन आलेल्या रुग्णांचे आहेत, त्यामुळे ते सरसकट समाजाला लावता येणार नाहीत. तरीही पाच वर्षांतील वाढीची दिशा पुरेशी स्पष्ट आहे.

सवय कोणाला लागते?

"मला आता या गोळीची सवय झाली, ती लागू पडत नाही," असे आपण सहज म्हणतो. या वाक्यात एक मोठा गैरसमज दडलेला आहे. प्रतिजैविकाचा परिणाम न होण्याचे कारण आपल्या शरीराला लागलेली सवय हे नसते. प्रतिकार येतो तो जंतूत, आणि जंतू एकाच्या शरीरात राहून थांबत नाही. ज्याने आयुष्यात एकही प्रतिजैविक घेतलेले नाही, त्यालाही प्रतिकारक्षम जंतूची बाधा होऊ शकते.

दुसरा गैरसमज असा, की जंतू औषधाशी झगडता झगडता त्याला तोंड द्यायला शिकतो. जंतू काहीही शिकत नाही. अनुकूल परिस्थितीत स्टॅफिलोकॉकस सुमारे अर्ध्या तासात दुभागतो. एकाचे दोन, दोनाचे चार, असे करत रात्रभरात त्यांची संख्या कोट्यवधींवर जाते. प्रत्येक विभाजनाच्या वेळी जनुकांची नक्कल होते आणि या नकलेत क्वचित एखादी चूक राहते. बहुतेक चुका निरर्थक किंवा जंतूलाच घातक असतात. पण कोट्यवधींच्या गर्दीत एखादी चूक अशी निघते, की तिच्यामुळे औषधाचा रेणू जंतूच्या ज्या भागाला चिकटतो, तो भागच किंचित बदलतो. रिफाम्पिसिन या औषधाबाबत अशी चूक साधारण एक ते दहा कोटी जंतूंमागे एकात आढळते. एखाद्या मोठ्या गळवात याहून अधिक जंतू असू शकतात. म्हणजे औषधाचा पहिला डोस पोटात जाण्यापूर्वीच त्याला न जुमानणारा एखादा जंतू तेथे हजर असतो. यामुळेच स्टॅफिलोकॉकसविरुद्ध रिफाम्पिसिन कधीही एकटे देत नाहीत.

औषध येईपर्यंत या एका जंतूला काहीच महत्त्व नसते. औषध आले की त्याचे सारे भाऊबंद मरतात, अन्न आणि जागा मोकळी होते आणि तो एकटा वाढून ती व्यापतो. द्राक्षबागायतदारांना हे नवे नाही. डावणीच्या बुरशीवर स्ट्रोबिलुरिन गटातील औषधांची फवारणी होत राहिली, तसतसा महाराष्ट्रातील बागांत त्यांचा परिणाम ओसरत गेला. फवारणीने बुरशीला काही शिकवले नव्हते. फवारणीतून तगणारी बुरशी तेवढी शिल्लक ठेवली होती. प्रतिजैविक माणसाच्या शरीरात हेच करते. प्रतिकार जंतूत निर्माण होतो तो योगायोगाने, पण त्याची निवड करतो तो आपण.

पेनिसिलिनचे अल्पजीवी राज्य

या निवडीचा इतिहास स्टॅफिलोकॉकसमध्ये जितका स्वच्छ दिसतो, तितका क्वचितच दुसऱ्या जंतूत दिसत असेल. १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ज्या बशीत बुरशीभोवतीचे जंतू विरघळलेले पाहिले, त्या बशीत स्टॅफिलोकॉकसच वाढवलेला होता. पेनिसिलिनचा शोध लागला तो याच जंतूवर.

पेनिसिलिनचे काम समजून घेतले की पुढची सारी कथा उलगडते. जीवाणूच्या पेशीभोवती एक मजबूत भिंत असते. पेशीच्या आतील दाब बराच असल्याने ही भिंत नसेल तर पेशी फुटून जाते. साखर आणि अमिनो आम्ले यांच्या साखळ्या एकमेकींना आडव्या दुव्यांनी जोडून ही भिंत विणली जाते. जोडणीचे काम करणारी काही विकरे, म्हणजे एन्झाइम्स, जीवाणूत असतात. त्यांना आपण गवंडी म्हणू. पेनिसिलिनच्या रेणूतील चार अणूंचे एक ताणलेले कडे, ज्याला बीटा-लॅक्टम कडे म्हणतात, या गवंड्यांच्या हातात अडकून बसते. बांधकाम थांबते, जुनी भिंत मात्र नेहमीप्रमाणे मोडत राहते आणि अखेर जीवाणू फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून पेनिसिलिन आपल्याला सहसा अपाय करत नाही.

यावर काही स्टॅफिलोकॉकसांकडे एक तोड होती. पेनिसिलिनेज नावाचे विकर तयार करून ते पेशीबाहेर सोडत आणि हे विकर ते चार अणूंचे कडेच फोडून टाकी. मोडलेले पेनिसिलिन गवंड्यापर्यंत पोहोचले तरी अडकत नाही. असे जंतू सुरुवातीला थोडे होते. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी त्यांची मोजदाद ठेवली. १९४६ मध्ये तेथील स्टॅफिलोकॉकसांपैकी सुमारे १४ टक्के पेनिसिलिनला दाद देत नव्हते. १९४७ मध्ये हे प्रमाण ३८ टक्के झाले आणि १९४८ मध्ये ५९ टक्के. अवघ्या दोन वर्षांत पारडे फिरले.

आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने स्थापन झाला. १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. परदेशी कुप्यांवर अवलंबून असलेल्या देशासाठी ती मोठी घटना होती, आणि न्यूमोनियासारख्या अनेक रोगांवर या पेनिसिलिनने पुढे असंख्य प्राण वाचवले. पण ज्या जंतूवर हे औषध सापडले, तो स्टॅफिलोकॉकस तोपर्यंत जगभरच्या रुग्णालयांत त्याच्या हातून निसटत चालला होता. आज या जंतूंपैकी बहुतेक सर्व पेनिसिलिनेज बनवतात.

उसना घेतलेला गवंडी

पेनिसिलिनेजला फोडता येणार नाही असे कडे बनवणे, हे त्यावरचे साहजिक उत्तर होते. रसायनशास्त्रज्ञांनी पेनिसिलिनच्या रेणूला अशी एक जाडजूड बाजू जोडली, की विकराला कड्यापर्यंत पोहोचताच येऊ नये. १९५९ मध्ये हे औषध आले, ते मेथिसिलीन. पुढे त्याच जातीची क्लॉक्सासिलीनसारखी औषधे आली, जी आजही वापरात आहेत. १९६१ च्या जानेवारीत ब्रिटनमधील पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी मेथिसिलीनला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस सापडल्याचे जाहीर केले. नव्या औषधाला दीड-दोन वर्षेही निर्विघ्न मिळाली नव्हती.

या वेळचा डाव निराळा होता. जंतूने औषध मोडण्याचा प्रयत्नच केला नाही. 'मेक-ए' नावाच्या एका जनुकाच्या आधारे त्याने भिंत बांधणारा एक जादा गवंडी कामावर ठेवला. या गवंड्याच्या हाताची ठेवणच अशी, की बीटा-लॅक्टम कडे त्यात नीट अडकत नाही. नेहमीचे गवंडी औषधाने जायबंदी झाले तरी हा काम चालू ठेवतो. परिणामी एका मेथिसिलीनपुरता प्रश्न राहत नाही. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन अशी त्या कड्यावर चालणारी जवळजवळ सारी औषधे एकदम बाद होतात. या जंतूसाठी मुद्दाम घडवलेली सेफ्टारोलिनसारखी एखाद-दोन औषधे तेवढी अपवाद आहेत. मेथिसिलीन स्वतः वैद्यकातून कधीच हद्दपार झाले, तरी 'एमआरएसए' हे नाव टिकून आहे, ते या व्यापक अर्थाने.

हे जनुक स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे स्वतःचे नाही. जनावरांच्या अंगावर राहणाऱ्या त्याच्या भावकीतील जातींकडून ते जनुकांच्या एका फिरत्या गाठोड्यातून त्याच्याकडे आले. हे कधी घडले, याचे उत्तर अलीकडेच मिळाले आणि ते चकित करणारे आहे. १९६० च्या दशकात जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या जनुकीय वाचनावरून २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की 'मेक-ए' या जंतूत १९४० च्या दशकाच्या मध्यासच शिरले होते. म्हणजे मेथिसिलीन बाजारात येण्यापूर्वी दशकभराहून अधिक काळ! त्याला पुढे आणले ते पेनिसिलिनच्या सर्रास वापराने. २०२२ मध्ये तर याच कुळातील दुसऱ्या एका जनुकाचा माग युरोपातील हेजहॉग या काटेरी अंगाच्या लहान प्राण्यापर्यंत लागला. त्याच्या त्वचेवरील एक बुरशी पेनिसिलिनसारखे द्रव्य स्रवते आणि त्या सान्निध्यात जगणाऱ्या स्टॅफिलोकॉकसांत हा प्रतिकार एकोणिसाव्या शतकापासूनच होता. प्रतिजैविके हा निसर्गातील जुनाच संग्राम आहे. माणसाने त्यात शस्त्रांचे प्रमाण अचानक प्रचंड वाढवले, एवढेच.

शेवटचे हत्यार

मेथिसिलीन गट गेल्यावर डॉक्टरांच्या हाती व्हँकोमायसीन उरले. बोर्निओच्या जंगलातील मातीत सापडलेल्या जीवाणूपासून मिळालेले हे औषध १९५८ पासून वापरात आहे. ते गवंड्याला न पकडता भिंतीच्या विटेलाच कवटाळते, म्हणून बदललेल्या गवंड्याचा येथे उपयोग होत नाही. पण ते शिरेतूनच द्यावे लागते, मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते, आणि साध्या, दाद देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसला ते क्लॉक्सासिलीनपेक्षा सावकाश मारते. प्रतिकारामुळे अधिक महाग औषध घ्यावे लागते, हे आपल्या लक्षात येते. ते औषध अनेकदा आधीच्याहून दुबळेही असते, हे येत नाही.

व्हँकोमायसीनलाही वाट सापडली. जपानमध्ये केइची हिरामात्सु यांनी १९९७ मध्ये असे जंतू वर्णिले, ज्यांनी आपली भिंतच इतकी जाड केली होती की औषध बाहेरच्या थरांत अडकून राही. त्यानंतर २००२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात पूर्ण प्रतिकार असलेला पहिला स्टॅफिलोकॉकस सापडला. तो एका मधुमेही, डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या शरीरात होता. या रुग्णाला व्हँकोमायसीन दीर्घकाळ दिले गेले होते. त्याच्या पायाच्या व्रणात एंटेरोकॉकस हा आतड्यातील जीवाणूही होता आणि त्याच्याजवळ व्हँकोमायसीनला निष्प्रभ करणारे जनुक होते. एका व्रणात शेजारी राहणाऱ्या या जंतूंपैकी एकाकडून दुसऱ्याकडे ते जनुक गेले.

जनुकांची ही देवाणघेवाण हाच जीवाणूंचा खरा आधार आहे. आपल्याकडे गुणधर्म आईबापांकडून मुलांकडे जातात. जीवाणूंत ते शेजाऱ्याकडूनही मिळतात. प्लाझ्मिड या डीएनएच्या सुट्या वर्तुळांतून, तर स्टॅफिलोकॉकसमध्ये विशेषतः जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंच्या पाठीवरून जनुके इकडून तिकडे जातात. एका गाठोड्यात पाच-सहा औषधांविरुद्धची जनुके एकत्र बांधलेली असतील, तर त्यांपैकी कोणत्याही एका औषधाच्या वापराने सगळे गाठोडेच पुढे सरकते.

सुदैवाने व्हँकोमायसीनला पूर्ण प्रतिकार असलेले स्टॅफिलोकॉकस जगात आजही विरळा आहेत. भारतातील १५ मोठ्या रुग्णालयांत २००८ आणि २००९ मध्ये झालेल्या पाहणीत २६ हजारांवर नमुन्यांपैकी ४१ टक्के एमआरएसए निघाले, पण व्हँकोमायसीन किंवा लिनेझोलिड यांना न जुमानणारा एकही सापडला नाही. ही पाहणी आणि वर दिलेली वैद्यकीय संशोधन परिषदेची आकडेवारी वेगवेगळ्या रुग्णालयांतून आलेली असल्याने त्यांची थेट तुलना करता येत नाही. पण शेवटचे हत्यार अजून पुरते बोथट झालेले नाही, एवढा दिलासा त्यातून मिळतो.

रुग्णालयाबाहेर पडलेला जंतू

एमआरएसए हा रुग्णालयांचा प्रश्न, अशी समजूत बराच काळ होती. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने तिला धक्का दिला. त्यांच्या प्रयोगशाळेतील एमआरएसएची जनुकीय तपासणी केली असता, रुग्णालयात मुरलेल्या जुन्या प्रकारापेक्षा नव्या प्रकारांचेच प्रमाण अधिक दिसले. त्यांत एसटी-२२ आणि एसटी-७७२ या दोन वंशांचा ठळक वाटा होता. यातील दुसऱ्याला पुढे 'बेंगॉल बे क्लोन' असे नाव पडले. २०१९ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार हा वंश भारतीय उपखंडातच १९६० च्या दशकात उगम पावला आणि अनेक औषधांविरुद्धची जनुके अंगीकारल्यावर त्याचा प्रसार वाढला. तो आता प्रवाशांबरोबर इतर खंडांतही पोहोचला आहे. रुग्णालयात कधीच न गेलेल्या तरुणाच्या मांडीवरच्या गळवात एमआरएसए सापडतो, तो अशा वंशांमुळे.

दुखणे एकाचे, औषध सगळ्यांना

जो जंतू बहुतेक काळ नाकात निरुपद्रवीपणे राहतो, त्याला इतक्या औषधांचा सामना करण्याची वेळ येते तरी कधी? आपण स्टॅफिलोकॉकससाठी औषध घेतो तेव्हाच, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात तसे घडत नाही.

सर्दी-पडसे झाले म्हणून पाच दिवस घेतलेली अ‍ॅझिथ्रोमायसीनची गोळी रक्तातून सर्वत्र फिरते. सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीच परिणाम होत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी गोळी घेतली त्याला ती लागतच नाही. पण नाकातील, घशातील, त्वचेवरील आणि आतड्यातील कोट्यवधी निरुपद्रवी जीवाणूंना ती लागते. त्यांतले नाजूक मरतात आणि चिवट उरतात. हगवणीसाठी घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनचेही तेच. सर्दी चार-पाच दिवसांत आपोआप बरी होते, श्रेय गोळीला मिळते आणि नाकात मात्र निवडून ठेवलेले जंतू मागे राहतात. पुढे सहा महिन्यांनी त्याच माणसाचे हर्नियाचे ऑपरेशन झाले, तर जखमेत जाणारा जंतू हाच असतो. किंवा तो त्याच्या हातावाटे घरातील मधुमेही आजीच्या पायावरील जखमेत पोहोचतो.

यामुळेच प्रतिजैविक हे इतर औषधांसारखे खासगी नाही. रक्तदाबाची गोळी शेजाऱ्याने चुकीची घेतली तर आपला रक्तदाब बदलत नाही. त्याने प्रतिजैविक चुकीचे घेतले तर आपल्या वाट्याचे औषध थोडे निकामी होते. फ्लेमिंग यांनी १९४५ च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात हा धोका एका कल्पित गोष्टीतून मांडला होता. घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ स्वतःच अपुरे पेनिसिलिन घेतो. त्याचे प्रतिकारक्षम झालेले जंतू पत्नीला बाधतात आणि ती दगावते. चूक एकाची आणि प्राण दुसऱ्याचे!

फ्लेमिंग यांनी भर दिला होता तो अपुऱ्या मात्रेवर. 'कोर्स पूर्ण करा' हा उपदेश त्यातूनच रूढ झाला. आता त्यात एक दुरुस्ती करणे आवश्यक आहे. गरजेपेक्षा अधिक दिवस घेतलेले औषधही अंगावरच्या इतर जीवाणूंत निवड करतच राहते. म्हणून दीर्घ कोर्स म्हणजे सुरक्षित कोर्स, असे समीकरण आता मानले जात नाही. रक्तात शिरलेल्या स्टॅफिलोकॉकससाठी किमान दोन आठवड्यांची, हाडात शिरलेल्यासाठी अनेक आठवड्यांची औषधे लागतात. तीत कुचराई प्राणघातक ठरते. उलट लहानसे गळू डॉक्टरांनी चिरून निचरा केला तर अनेकदा प्रतिजैविकाशिवायच बरे होते. किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवावे आणि रुग्णाने पाळावे, हाच यातील मध्यममार्ग होय. बरे वाटले म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडून उरलेल्या पुढच्या आजारपणासाठी कपाटात ठेवणे, ही मात्र कोणत्याही हिशेबाने चूकच.

गोदावरीचा पुरावा

एका माणसाच्या अंगावरचे जीवाणू त्याच्यापुरते राहत नाहीत, याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण नाशिकमध्येच नोंदले गेले आहे. २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात पुण्यातील शास्त्रज्ञांनी गोदावरीच्या पात्रातील पाच ठिकाणचे पाणी तपासले आणि निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. पर्वणीच्या काळात पाण्यातील जीवाणूंचा भार सुमारे १३० पटींनी वाढलेला आढळला. नदीत एरवी नांदणाऱ्या जीवाणूंची विविधता सदतीस टक्क्यांच्या आसपास घटली आणि फर्मिक्युट्स या एकाच संघाने जवळजवळ सगळे पात्र व्यापले. स्टॅफिलोकॉकस याच संघातला असला, तरी त्यात इतरही असंख्य जीवाणू येतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. वाढलेल्या जीवाणूंचे मूळ मुख्यत्वे मानवी असल्याचे दिसले. प्रतिकारक जनुकांचे प्रमाणही वाढल्याचा अंदाज संगणकीय विश्लेषणातून निघाला. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले जीवाणू काही दिवस एका पात्रात एकत्र येतात आणि भाविकांबरोबर परत जातात. २०२७ मध्ये पुन्हा पर्वण्या आहेत. गर्दी, वाहतूक आणि घाट यांच्या नियोजनाइतकाच सांडपाणी, स्वच्छतागृहे आणि पाण्याची तपासणी यांचा विचार त्या तयारीत असायला हवा.

प्रतिजैविके केवळ दवाखान्यांतून वापरली जातात असेही नाही. नाशिक जिल्ह्यातील डाळिंबाच्या बागांत तेल्या रोगासाठी स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण वर्षानुवर्षे फवारले गेले. ही दोन्ही माणसांचीही औषधे आहेत. पिकांवर त्यांच्या वापरास बंदी घालणाऱ्या आदेशाचा मसुदा केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये काढला. दुभत्या गाईंच्या कासदाहातही स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा एक प्रमुख जंतू आहे आणि तेथेही प्रतिजैविके सढळ हाताने दिली जातात. माणूस, जनावर आणि शेत यांच्यात जंतू भेद करत नाही.

परतीची वाट आहे

औषध बंद केले की प्रतिकार आपोआप नाहीसा होतो का? दुर्दैवाने तसे सहसा होत नाही. प्रतिकाराचे जनुक बाळगण्याचा जंतूवर पडणारा बोजा फारसा नसतो. त्यामुळे तो ते सहजी टाकून देत नाही. पण त्याचा प्रसार रोखता येतो, हे इंग्लंडने दाखवून दिले आहे. तेथे २००१ पासून रक्तातील एमआरएसएची प्रत्येक घटना कळवणे रुग्णालयांना सक्तीचे झाले. २००४ मध्ये हे प्रमाण २००८ पर्यंत निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठरले आणि ते गाठले गेले. यात कोणत्याही नव्या औषधाचा चमत्कार नव्हता. प्रत्येक रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि नंतर हात निर्जंतुक करणे, शिरेतील नळ्या गरज संपताच काढणे, शस्त्रक्रियेपूर्वी नाकातील जंतूची तपासणी करणे आणि या सर्वांचा हिशेब जाहीर करणे, अशा साध्या गोष्टी होत्या.

भारतातही नियमांची उणीव नाही. मार्च २०१४ पासून औषध नियमावलीत 'एच-१' ही अनुसूची लागू झाली. तिच्यातील प्रतिजैविके देताना औषध विक्रेत्याने डॉक्टर आणि रुग्ण यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपायची असते. २०१६ मध्ये वेष्टनावरील तांबड्या उभ्या रेषेची ओळख करून देणारी मोहीम केंद्र सरकारने हाती घेतली. ती रेषा म्हणजे हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. राज्यातील वैद्यकीय पदव्या देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. प्रतिजैविक केव्हा द्यायचे नाही, हे शिकवण्याची जागा तीच.

सामान्य नागरिकाच्या हातात काय आहे? सर्दी-खोकल्यासाठी डॉक्टरांकडे प्रतिजैविकाचा आग्रह न धरणे. औषधाच्या दुकानात 'मागच्या वेळच्याच' गोळ्या न मागणे. गंभीर जंतुसंसर्गात डॉक्टर पुवाची किंवा रक्ताची 'कल्चर' तपासणी सुचवतात, तेव्हा तिला अनाठायी खर्च न समजणे. या तपासणीत जंतू बशीत वाढवून त्याच्यावर निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात आणि कोणत्या चकतीभोवती वाढ थांबते ते पाहतात. दोन-तीन दिवसांनी अहवाल येतो. त्यात 'सेफॉक्सिटिन' या औषधापुढे 'रेझिस्टंट' असे लिहिलेले असेल, तर तो जंतू एमआरएसए समजतात आणि औषध बदलतात. हा कागद पुढच्या आजारपणासाठी जपून ठेवावा. गळू स्वतः पिळू नये, जखम झाकून ठेवावी, टॉवेल आणि दाढीचे ब्लेड एकमेकांचे वापरू नयेत, आणि हात साबणाने धुवावेत. रुग्णालयात नातेवाइकाला भेटायला गेल्यावर तर अवश्य धुवावेत.

'लॅन्सेट' या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार एमआरएसएच्या प्रतिकारामुळे १९९० मध्ये सुमारे ५७ हजार मृत्यू झाले होते. २०२१ मध्ये ही संख्या १ लाख ३० हजारांवर गेली. हे मृत्यू काही असाध्य रोगांचे नव्हेत. ऐंशी वर्षांपूर्वी ज्या जखमा आणि गळवे पेनिसिलिनच्या कुपीने बरी होऊ लागली होती, त्यांचेच ते पुनरागमन आहे. नवी प्रतिजैविके शोधण्याचे काम शास्त्रज्ञ करतीलच. हाताशी असलेली औषधे टिकवणे हे मात्र प्रत्येक घरातील औषधाच्या डब्यापासून सुरू होणारे काम आहे.